लालला लाल

टेलिफोन खात्यात माणसं एकमेकांना नावाने कमी आणि कामाने जास्त ओळखायची. खांबावर चढणारा तो खांब्या, तक्रारी ऐकून घेणारी ती कटकटबाई, आणि जमिनीखालच्या केबलींचे सांधे जोडणारे ते सांधेबुवा. निवृत्त झाल्यावर खांब्या आणि कटकटबाई आपापल्या मूळ नावांवर परत गेले. सांधेबुवांना मात्र ते नाव चिकटलं ते चिकटलंच. इमारतीतली शेंबडी पोरंसुद्धा त्यांना तसंच म्हणायची, आणि त्यांची काही हरकत नव्हती. उलट कुणी खऱ्या नावाने हाक मारली, तर हा माणूस नक्की काहीतरी विकायला आलाय असं त्यांना वाटायचं.

घरात मुलगा, सून आणि मुकादम. मुकादम म्हणजे कुत्रा. मुलाने त्याला पिल्लू असताना आणलं, तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी एकेका खोलीत जाऊन सगळं हुंगून पाहिलं आणि कुठेच काही पसंत पडलं नाही अशा चेहऱ्याने परत येऊन दाराशी बसला. सांधेबुवा म्हणाले, "हा तर साइटवरचा मुकादम." झालं, नाव पडलं. त्याआधी त्यांचा कुत्र्याला भरपूर विरोध करून झाला होता. घरात एक रिकामटेकडा आहे तेवढा पुरे, असं ते म्हणाले होते, आणि तो रिकामटेकडा कोण हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

पण फिरायला न्यायचं कुणी? मुलगा सकाळी जायचा तो संध्याकाळी उगवायचा. सून दिवसभर कानाला हेडफोन लावून कामात. मग पट्टा आला सांधेबुवांच्या हातात, आणि एकदा आला तो तिथेच राहिला. बायको गेल्यापासून त्यांची वाट बघणारं घरात कुणी उरलं नव्हतं. मुलगा-सून वाईट होते असं नाही. जेवलात का, गोळी घेतलीत का, सगळं विचारायचे. पण विचारणं वेगळं आणि वाट बघणं वेगळं. मुकादम वाट बघायचा. सांधेबुवा न्हाणीघरात गेले तरी बाहेर बसून दाराकडे तोंड करून बघत राहायचा. ह्या माणसाला तो कुत्रा हवा होता, अगदी मनापासून हवा होता, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता घोडं पेंड कुठे खात होतं, तर मुकादमला वायरी आवडायच्या. चप्पल नाही, उशी नाही, साहेबांना वायरच लागायची. मोबाइलच्या चार्जरची, टेबलावरच्या पंख्याची, एकदा तर इस्त्रीची. नशीब, ती लावलेली नव्हती. सांधेबुवा प्रत्येक वेळी आपली हत्यारांची पेटी काढून सांधा करून द्यायचे आणि वर मुकादमची वकिलीही करायचे. "दात शिवशिवतात त्याचे. लहान आहे." मुकादम आता लहान राहिला नव्हता, पण वकिलाला काय, अशील म्हणेल ते खरं.

मग त्याने सुनेचा हेडफोन खाल्ला. तोही असा खाल्ला, की कानावरच्या गाद्यांपासून प्लगपर्यंत सांधायला काही उरलंच नाही. कचेरीतून दुसरा हेडफोन येईपर्यंत सुनेचं काम अडलं, आणि तिथल्या वरिष्ठ बाईंनी फोनवर तिला जे काही ऐकवलं, ते हेडफोन नसतानाही घरभर ऐकू आलं. त्या संध्याकाळी मुलाने शांतपणे सांगून टाकलं. त्याच्या एका मित्राचं गावाबाहेर गोदाम होतं. राखणीला कुत्रा हवाच होता.

"आणखी एक वायर तुटली, की मुकादम गोदामावर. बाबा, मग तुम्ही मध्ये पडायचं नाही."

"तिथे बांधून ठेवतील त्याला," सांधेबुवा म्हणाले.

"हो. राखणीचा कुत्रा बांधूनच असतो."

मुलगा दुष्ट नव्हता. तो बोलला ते करणारा होता, आणि घरात राहणाऱ्यांना ही जात दुष्टापेक्षा जड जाते. सांधेबुवांनी मान हलवली आणि त्या दिवसापासून मुकादमवर डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला.

सुनेचं काम काय, ते इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. घरगुती भांडणं कोर्टात जाण्याआधी मिटवणारी एक कचेरी होती. नवरा-बायको, भाऊ-भाऊ, सासरे-जावई, ज्यांचं कुणाचं बिनसलं असेल त्यांनी समोरासमोर बसायचं आणि मधल्या अधिकाऱ्यासमोर मनातलं बोलून घ्यायचं. दोघांपुढे दोन माइक. सगळं बोलणं रेकॉर्ड व्हायचं आणि सुनेकडे यायचं. तिने ते ऐकून शब्द न् शब्द टाइप करायचा. ज्याने अर्ज केला त्याचा माइक डाव्या कानात वाजायचा, समोरच्याचा उजव्या. सून वाक्याआधी नुसतं 'डा' किंवा 'उ' लिहायची. नावं तिला सांगतच नसत; लोकांची घरची लक्तरं, नावं कशाला कळायला हवीत. कागद कचेरीत गेला की तिथे 'डा'च्या जागी अर्जदाराचं नाव पडायचं आणि 'उ'च्या जागी दुसऱ्याचं. मग अधिकारी तो दोन्ही पक्षांपुढे मोठ्याने वाचायचे आणि दोघे सह्या करायचे.

ती हे काम इतकी वर्षं करत होती, की आवाज कुणाचा, बाईचा की पुरुषाचा, हे ती ऐकायचीच नाही. कान सांगायचा, बोटं लिहायची. तिची चूक निघत नसे. कचेरीत तिचे कागद कुणी पुन्हा तपासतही नसत.

आणि एका दुपारी सून दातांच्या डॉक्टरकडे गेलेली असताना सांधेबुवांचा जरासा डोळा लागला. एवढा पहारा केला, पण जेवणानंतरची गुंगी कुणाच्या बापाला चुकली नाही. जाग आली ती कचकच आवाजाने. मुकादम सुनेच्या टेबलाखाली आडवा पसरला होता, आणि त्याच्या दोन पंजांत हेडफोनची वायर होती. प्लग चावून चपटा झाला होता आणि त्याच्या मागची वीतभर वायर नुसती झिंज्या झाली होती.

सांधेबुवांनी मुकादमकडे पाहिलं. मुकादमने शेपूट हलवलं.

"मेल्या," ते म्हणाले, "आता गेलास तू गोदामावर."

पण हे बोलेपर्यंत पाय पेटीकडे वळले होते. सून यायला अजून अवकाश होता. वरचा सगळा भाग शाबूत होता. नवा प्लग मात्र हवा, आणि तो त्यांच्याकडे होता. जुन्या, मेलेल्या, स्वस्तातल्या इअरफोनांचा एक गुंता त्यांनी कधीतरी लागेल म्हणून ठेवला होता. त्यातला एक प्लग त्यांनी वीतभर वायरीसकट कापून घेतला. मग खिडकीशी बसून चष्मा चढवला.

जाड केबलींत आयुष्य गेलेल्या माणसाला हेडफोनची वायर म्हणजे पोरखेळ वाटावा, पण तसं नसतं. आत केसासारख्या तीन तारा. एक उघडी तांब्याची, दोन रंगीत. रंग म्हणजे वरचं कवच नव्हे, तर तारेलाच चढवलेला लाखेसारखा मुलामा. तो खरवडून, तापवून घालवला नाही, तर सोल्डरचा डाग धरतच नाही. नवशिके इथेच फसतात. सांधा वरून चकचकीत दिसतो आणि आतून मुका असतो. सांधेबुवा नवशिके नव्हते. ब्लेडने हलक्या हाताने मुलामा काढला, सोल्डरिंग आयर्न तापवलं, राळेत टेकवलं. धूर आला. तो वास त्यांना फार आवडायचा.

हेडफोनच्या बाजूला लाल आणि हिरवी तार होती. प्लगच्या बाजूला लाल आणि निळी. उघडी उघडीला. लालला लाल. राहिलेली राहिलेलीला. यात विचार करण्यासारखं त्यांना काही दिसलं नाही. टेलिफोन खात्यात रंगाचा शब्द शेवटचा. डोंगरावरच्या टोकाला जी तार लाल, ती समुद्रकाठच्या टोकालाही लालच. ह्या नियमावर विश्वास ठेवून ते पाण्याने भरलेल्या खड्ड्यांत उतरले होते आणि नियमाने त्यांना कधी दगा दिला नव्हता. स्वस्तातला इअरफोन बनवणाऱ्या कुण्या कारखान्यात हाताशी आली ती तार कुठल्याही बाजूला लावून टाकतात, हे त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

सांध्यावर त्यांनी काळी नळी चढवली, ती तापवून घट्ट बसवली, हेडफोन कानाला लावला आणि मोबाइलवर बातम्या लावल्या. आवाज आला. दोन्ही कानांत आला, स्वच्छ आला. ते खूश झाले. टेलिफोनवाल्याची परीक्षा एवढीच असते, पलीकडचा आवाज येतोय की नाही. तो कुठल्या कानात येतोय हे टेलिफोनला कुणी कधी विचारलेलं नाही.

प्लग त्यांनी कम्प्युटरच्या मागे होता तिथे खोचला. तिथे वाकून कोण बघतंय? चावलेला तुकडा कागदात गुंडाळून फिरायला जाताना कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकला. सून आली, टेबलाशी बसली, हेडफोन लावून टाइप करू लागली. सांधेबुवांनी ताकास तूर लागू दिली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांनी मुकादमला जिन्यावर समजावून सांगितलं.

पुढचे काही दिवस बरे गेले.

मग एका संध्याकाळी मुलगा घरी आला, तेव्हा सून टेबलाशी नुसतीच बसली होती. कम्प्युटर बंद, हेडफोन बाजूला. रडून झालेलं दिसत होतं. मुलाने विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं, आणि सांधेबुवा आतल्या खोलीत होते तरी त्यांना प्रत्येक शब्द ऐकू आला.

दोघी बहिणींचं प्रकरण होतं. आईला कुणी सांभाळायचं, हा वाद. आवाज दोघींचे सख्खे, डोळे मिटले तर एकीच्या जागी दुसरी. थोरली म्हणाली होती, आईला मी नेते, मला कुणाकडून काही नको. धाकटी म्हणाली होती, माझ्याच्याने होणार नाही, तिची कुठेतरी सोय करा. सुनेने टाइप केलेला कागद अधिकाऱ्यांनी सह्यांसाठी मोठ्याने वाचला. आई तिथेच बसली होती. आणि कागदात थोरलीच्या तोंडी ते नकाराचे शब्द होते.

"मग थोरली बोलली नाही का, की हे माझं नाही?" मुलाने विचारलं.

"तिला सुचेचना म्हणे काही. नुसती उभी राहिली. आई तिच्याकडे बघतेय आणि ही उभी."

"आणि धाकटी?"

"धाकटी गप्प बसली," सून म्हणाली. "स्वतःच्या नावावर चांगले शब्द वाचले गेले आणि ती मूग गिळून बसली. पेनसुद्धा हातात घेतलं होतं सही करायला."

थोरली भानावर आल्यावर मोठा तमाशा झाला. रेकॉर्डिंग पुन्हा लावलं गेलं. मग सह्यांसाठी वाचायचे राहिलेले बाकीचे कागद काढून बघितले, तर गेल्या काही दिवसांतले सगळेच्या सगळे उलटे. नवऱ्याचं बायकोला, बायकोचं नवऱ्याला. वरिष्ठ बाईंनी ह्या वेळी आवाज चढवला नव्हता. खुलासा होईपर्यंत काम दुसरीकडे देते, असं हळू आवाजात म्हणाल्या होत्या, आणि ते जास्त वाईट होतं.

"मी डाव्या कानात ऐकलं ते 'डा' लिहिलं," सून म्हणाली. "शपथ घेऊन सांगते. मला डावीकडूनच ऐकू आलं. म्हणजे माझ्या कानात तरी काही झालंय, नाहीतर डोक्यात."

"डोक्यात काय होणार आहे?"

"मला काय माहीत. माझ्या मावशीला झालं होतं. तिलाही आधी आपलं सगळं बरोबरच वाटायचं."

आतल्या खोलीत सांधेबुवा पलंगाच्या कडेवर बसले होते. मावशीपर्यंत यायच्या आधीच त्यांना सगळं कळलं होतं. लालला लाल. त्यांनी डोळे मिटले. मुकादम त्यांच्या पावलांवर हनुवटी टेकून पडला होता. आता उठून बाहेर जायचं आणि सांगायचं, की वायर मी जोडली. मग पुढचा प्रश्न येणार, तुटली कशी? आणि त्या प्रश्नाचं उत्तर पायाशी घोरत होतं.

ते त्या संध्याकाळी उठले नाहीत. ही गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायची तरी हे लपवता येत नाही. त्यांनी मनाशी एक हिशेब मांडला. सकाळी सगळे उठायच्या आत सांधा उघडायचा, तारा सरळ करायच्या. कानाचा डॉक्टर म्हणेल कान ठणठणीत आहेत. मग काही दिवसांनी कचेरी विसरेल, सून विसरेल. हिशेब छान होता. फक्त त्यात चूक सुनेच्याच नावावर राहत होती, आणि ती मावशीची भीतीही.

दुसरा दिवस सुट्टीचा होता. मुलाने कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली होती आणि तो गाडीची किल्ली शोधत होता. सून तयार होऊन बाहेर आली. सांधेबुवा खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसले होते, वाचत नव्हते. पेटी त्यांनी पहाटे उघडली होती आणि तशीच बंद करून ठेवली होती.

"बाबा," ती म्हणाली, "जरा एक करता का? माझ्या मागे उभे राहा आणि चुटकी वाजवा. कुठल्या बाजूला ते सांगू नका. मी ओळखते."

ते उठले. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्यांनी डावीकडे चुटकी वाजवली.

"डावी."

उजवीकडे वाजवली.

"उजवी." मग पुन्हा डावी, मग पुन्हा उजवी. ती प्रत्येक वेळी बरोबर सांगत होती, आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज आणखी बारीक होत होता. शेवटी ती वळली. "सगळं बरोबर येतंय ना? मग त्या दिवशी काय झालं? म्हणजे मधूनच होतंय का मला? मधूनच जातंय?"

तिच्या डोळ्यांत भीती होती, साधी, लहान मुलासारखी भीती. सांधेबुवांना स्वतःची शिसारी आली.

"तुझ्या कानांना काही झालेलं नाही," ते म्हणाले. "हेडफोन उलटा झालाय. मी जोडला तो."

मुलगा किल्ली हातात घेऊन दारात थांबला. "काय जोडलं?"

"त्याची वायर. डावं-उजवं फिरलं माझ्याकडून."

"वायर कशी तुटली?" मुलाने विचारलं, आणि विचारता विचारता त्याची नजर मुकादमकडे गेली.

सांधेबुवांनी वर्तमानपत्राची घडी केली. रात्रभर त्यांनी पुष्कळ विचार केला होता, पण पुढचं वाक्य त्यात कुठेही नव्हतं.

"तुटली नव्हती. चांगली होती. मीच उघडली."

"चांगली वायर उघडली? कशाला?"

"हात शिवशिवत होते. बऱ्याच दिवसांत काही काम आलं नव्हतं. म्हटलं, बघू तरी आत कशी असते. उघडली आणि मग नीट बसेना."

सांधे जोडणाऱ्या माणसाने स्वतःबद्दल याहून वाईट काही सांगितलेलं आम्ही तरी ऐकलेलं नाही. बिघडलेलं नीट झालं नाही, तर लोक म्हणतात वस्तूच तशी होती. चांगलं उघडून बिघडवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. खात्यात असं करणाऱ्या एका पोराला सांधेबुवांनीच एकदा खड्ड्यातून बाहेर काढून घरी पाठवलं होतं.

सुनेने हेडफोन आणला. प्लग ओढून काढला, उजेडात धरला. मग वायरीवरून अंगठा फिरवत वर गेली. सांध्याची काळी नळी ओलांडून अंगठा थोडा वर सरकला आणि थांबला. तिथे रबरावर बारीक खड्डे होते, ओळीने चार-पाच. घाईत ते सांधेबुवांच्या नजरेतून सुटले होते. आता ते त्यांना तीन हातांवरून दिसत होते.

सुनेने मुकादमकडे पाहिलं नाही. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते.

"काय झालं?" मुलगा म्हणाला.

"काही नाही," ती म्हणाली. "उघडलेलीच दिसतेय." आणि तिने वायर हातातल्या हातात गुंडाळून मूठ मिटली.

कचेरी उघडल्यावर तिने तिथे फोन केला. वरिष्ठ बाईंनी हेडफोन मागवून घेतला, स्वतः कानाला लावून पाहिला, रेकॉर्डिंगशी ताडून पाहिला आणि नवीन हेडफोनसकट काम परत पाठवलं. घरातल्या वयस्कर माणसांपासून कचेरीच्या वस्तू लांब ठेवाव्यात, असंही सांगितलं. सून "हो" म्हणाली. थोरली बहीण आईला घेऊन गेली असंही तिला कळलं. म्हणजे त्या बाजूने सगळं मार्गी लागलं.

ह्या बाजूने एक गोष्ट राहिली होती. मुलगा संध्याकाळी सांधेबुवांच्या शेजारी येऊन बसला. हे तो सहसा करत नसे.

"बाबा, राग मानू नका. पण ती पेटी मी वर ठेवतो. आज वायर झाली. उद्या तुम्ही लावलेली इस्त्री उघडून बसाल."

"लावलेली कशी उघडीन मी?"

"चांगली वायर उघडलीत ना?"

याला उत्तर होतं, पण ते शेपूट हलवत होतं. सांधेबुवांनी पेटी स्वतः उचलून मुलाच्या हातात दिली. तिचं वजन किती ते त्यांच्या हाताला पाठ होतं. मुलाला ते नव्हतं. त्याचा हात एकदम खाली गेला आणि त्याने दुसरा हात लावला. मग तो स्टुलावर चढला. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पेटी परत मिळवून द्यायला तिला एकच वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य मुकादमला गोदामावर नेऊन बांधणार होतं. ती काही बोलली नाही. सांधेबुवांनी तिला तसं डोळ्यांनी विनवलंच होतं.

त्या आठवड्यात मुलगा आपल्या बहिणीशी फोनवर बोलत होता. "बाबांचं आता वय झालंय गं," तो म्हणाला. आवाजात माया होती. सांधेबुवांनी ते ऐकलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मुकादमचा पहारा मात्र त्यांनी दुप्पट केला. दुपारची झोप सोडली. कानाला खडा लावून ताठ बसून राहायचे, आणि वायरीच्या दिशेने नाक वळलं की पट्टा ओढायचे. जित्याची खोड, ती जाणार कशी. पण संधीच मिळाली नाही तर खोड तरी काय करील बापडी.

मग वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका टेबलावरचा दिवा घेऊन आल्या. हा दिवा सांधेबुवांनी याआधी दोनदा नीट केला होता, आणि दोन्ही वेळा दिव्याचा संपूर्ण इतिहास त्यांना ऐकवला होता. त्या तयारीनेच आल्या होत्या. दार मुलाने उघडलं.

"बाबांनी आता ही कामं बंद केलीत," तो म्हणाला.

बाई त्याच्या खांद्यावरून आत बघू लागल्या. "हो का काका?"

आतल्या खोलीतला टाइपिंगचा आवाज थांबला. सून दारात आली. तिने तोंड उघडलं, आणि यावेळी ती नक्की बोलणार असं दिसत होतं. सांधेबुवा तिच्या आधी बोलले.

"जमत नाही आता. हात चुकतो."

त्यांना वाटलं होतं, बाई हसतील. काहीतरीच काय सांगता काका, असं म्हणतील. निदान एकदा तरी म्हणतील, बघा तरी. इतकी वर्षं ह्या इमारतीतली प्रत्येक तुटकी वस्तू त्यांच्या हाताखालून गेली होती, एवढं तर कुणीही म्हटलं असतं.

"चालायचंच," बाई लगेच म्हणाल्या. "वय झालं की व्हायचंच. आराम करा आता." आणि मुलाकडे वळून त्यांनी जवळपास दुसरं कुणी आहे का ते विचारलं. मुलाने एका दुकानाचा पत्ता सांगितला.

सांधेबुवांना ते फार लागलं. खोटं बोलताना इतकं लागलं नव्हतं, जितकं ते इतक्या सहज खरं मानलं गेलं तेव्हा लागलं.

जाता जाता बाईंनी वाकून मुकादमच्या डोक्यावर हात फिरवला. "आणि हा? वायरी खायचा ना हा? खातो का अजून?"

मुलगा वडिलांकडे बघू लागला. सूनही.

"छे," सांधेबुवा म्हणाले. "तो आता शहाणा झालाय." आणि गुडघ्यावर हात टेकून ते पट्टा घ्यायला उठले.